रुहीच्या गळ्यातली राखणदार

घाबरू नका, मी एक पेशी बोलतेय. डोळ्यांना न दिसणारी, पण गप्प बसायची सवय नसलेली. रुही कुलकर्णी नावाच्या मुलीच्या गळ्यात, स्वरयंत्राला लागून जे मऊ अस्तर आहे, तिथे माझं घर आहे. कानाकडे जाणारा बोळ वरच्याच मजल्यावर असल्यामुळे बाहेरचं बोलणंही मला ऐकू येतं. या कुटुंबातलं माझ्यापासून काही लपून राहिलेलं नाही, आणि जे घडलं त्यात माझा हात किती होता तेही मी लपवणार नाही.

माझं नाव मास्ट पेशी. खूप वर्षांपूर्वी जर्मनीतल्या एका डॉक्टरने आम्हाला सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. आमच्या पोटात बारीक बारीक पुड्या खच्चून भरलेल्या दिसल्या. त्याला वाटलं, या खाऊनपिऊन तृप्त असणार, म्हणून त्याने त्याच्या भाषेत तसलं नाव ठेवलं. आम्ही खादाड नाही हो. त्या पुड्या म्हणजे आमचा दारूगोळा आहे.

माझा जन्म रुहीच्या कमरेच्या हाडात, मज्जेत झाला. तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. जन्मले तेव्हा मी अगदीच कोवळी होते, पोटात एकही पुडी नव्हती. तशीच मला रक्ताच्या प्रवाहात सोडून दिलं. तो प्रवाह काय वर्णावा! शिकागोच्या हायवेवर सायकल घेऊन उतरल्यासारखं वाटलं. लाल पेशी धडाधड अंगावर येत होत्या आणि थांबायला जागा कुठेच नव्हती.

पण रक्तवाहिनीच्या आतल्या भिंतीवर बारीक आकडे असतात. आमच्या अंगालाही त्यांना धरणारे हात असतात. गळ्याजवळ आले तेव्हा एका आकड्याला माझा हात लागला आणि सुटला, मग दुसऱ्याला लागला. वेग कमी झाला, मी भिंतीवरून घरंगळायला लागले. शेवटी एका ठिकाणी घट्ट चिकटले. भिंतीच्या दोन पेशींमध्ये चिंचोळी फट होती, तिच्यातून अंग चोरून पलीकडे गेले, तिथल्या धाग्यांना मिठी मारली आणि घर केलं.

तुमच्यात एखाद्याला चिकट म्हणणं म्हणजे नावं ठेवणं असतं. आमच्या कुळात मात्र चिकटता आलं नाही तर जन्म फुकट गेला. रक्तातून जाणारी कुठलीही राखणदार पेशी आधी भिंतीला चिकटते आणि मगच आत शिरते. शरीराची सगळी पहारेदारी या एका गोष्टीवर चालते. पुढे जे रामायण घडलं तेही तिच्यामुळेच.

पहाऱ्याला बसले की आमच्या अंगावर अँटेना येऊन बसतात. त्या आम्ही बनवत नाही. शरीरातल्या दुसऱ्या पेशी बनवून रक्तात सोडतात. डॉक्टर त्यांना आयजीई म्हणतात. कुठली धुळीसाठी असते, कुठली परागकणांसाठी. माझ्या अंगावर आलेल्या बहुतेक सगळ्या शेंगदाण्यासाठी होत्या.

आता तुम्ही म्हणाल, शेंगदाण्याने तुमचं काय घोडं मारलंय? खरं सांगू का, मलाही माहीत नाही. आमच्या घराण्याचं जुनं काम जंतांवर नजर ठेवायचं, असं म्हणतात. शिकागोच्या पश्चिमेला, नेपरव्हिलमधल्या या टापटीप घरात जंत कुठून येणार? रुही दोन वर्षांची असताना तिने शेंगदाणा खाल्ला आणि तिचं अंग सुजलं. तेव्हापासून शेंगदाणा शत्रू ठरला. मी आले तेव्हा हुकूम आधीच निघालेला होता आणि मी तो निमूटपणे पाळत होते. हुकूम पाळणाऱ्यांना असतो तसला अभिमानही मला होता.

रुहीची आई सुनेत्रा नागपूरची. इथे एका इन्शुरन्स कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करते. बाबा शशिकांत ॲरिझोनात, चँडलरच्या एका चिप कंपनीत आहे आणि दर पंधरा दिवसांनी विमानाने घरी येतो. मराठी स्वयंपाकघरातून शेंगदाण्याचं कूट हद्दपार करणं किती कठीण असतं ते सुनेत्राला विचारा. कोशिंबीर, भरली वांगी, साबुदाण्याची खिचडी, कशातही कूट नाही. शिकागोच्या देशी बाजारात, डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या दुकानात ती चिवड्याच्या प्रत्येक पाकिटावरची बारीक अक्षरं वाचत उभी राहायची. एकदा दुकानदार वैतागून म्हणाला, "मॅडम, खरीदना है या पढ़ना है?"

पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, रुही आपला वेगळा डबा घेऊन जायची. तिथे एखादी काकू हमखास म्हणायची, "अगं, काजूबिजू काही नाहीत त्यात, नुसतं कूट आहे." दुसरी म्हणायची, "एवढंसं खाल्लं तर काय होतंय?" रुही हसून "नो थँक्स, काकू" म्हणायची. मग आपला डबा घेऊन कोपऱ्यात बसायची.

सतराव्या वर्षी रुहीला वेध लागले मिशिगनमधल्या एका कॉलेजचे. घरापासून गाडीने चार तास. तिथे होस्टेलमध्ये राहायचं, सगळ्यांबरोबर कँटीनमध्ये जेवायचं. सुनेत्राने स्पष्ट सांगितलं, "तुझ्या ताटावर नजर ठेवायला तिथे कोण आहे? आधी ट्रीटमेंट पूर्ण कर, मग खुशाल जा."

ट्रीटमेंट जानेवारीत सुरू झाली. आता ऐका गंमत. जिच्याविरुद्ध मी डोळ्यांत तेल घालून बसले होते ती वस्तू एका सकाळी चमच्यावर बसून चक्क समोरच्या दाराने आली! शेंगदाण्याच्या पावडरीचा कण, ॲपल सॉसमध्ये कालवलेला. मला तर अपमानच वाटला. पण कण इतका बारीक होता की एकदोन अँटेनांना धक्का लागला आणि विषय संपला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढाच. दर दोन आठवड्यांनी डॉक्टर चिमूटभर वाढवायच्या. हळूहळू आम्ही सगळ्याजणी त्याला सरावलो. रोज दारावरून जाणाऱ्या माणसावर किती दिवस भुंकणार?

नियम मात्र कडक होते. सुनेत्राने ते कागदावर लिहून फ्रिजवर लावले होते. डोस भरल्या पोटी घ्यायचा. नंतर दोन तास व्यायाम नाही. गरम पाण्याने अंघोळ नाही. ताप असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय डोस नाही. अंग तापलं, रक्त जोरात धावायला लागलं की तोच डोस जास्त लागतो, कारण शेंगदाणा पोटातून रक्तात भराभर जातो. रुहीने संध्याकाळचं पोहणं सोडलं. संध्याकाळच्या जेवणानंतर डोस आणि मग दोन तास सोफ्यावर अभ्यास, असा तिचा नेम झाला.

जुलैमध्ये ती ढोलताशा पथकात गेली. पथक गिरिजा मावशी चालवतात. मूळच्या पुण्याच्या, पन्नाशीच्या, आणि आवाज असा की ताशा लाजेल. एका ऑफिसच्या पार्किंग लॉटमध्ये शनिवारी सकाळी प्रॅक्टिस असायची. कमरेला ढोल बांधून रुही तीन तास वाजवायची आणि मधूनमधून "मोरया" ओरडायची. ते ओरडणं माझ्या अंगावरून जायचं. खरं सांगते, मला फार आवडायचं. डबा घेऊन कोपऱ्यात बसणारी ही मुलगी पहिल्यांदाच सगळ्यांच्या मध्ये उभी होती.

तिथेच तिची केयाशी ओळख झाली. केया सव्वीस वर्षांची, इथेच जन्मलेली, शिकागोच्या एका युनिव्हर्सिटीत पीएचडी करते आणि पथकात ताशा वाजवते. तिचा अभ्यासाचा विषय कोणता असावा? आमचं चिकटणं! पण ते मला पुढे कळलं.

गणपतीला पंधरा दिवस राहिले होते आणि त्या शनिवारी संकष्टी आली. पथकाची एक पद्धत आहे, संकष्टीला वाजवणारे सगळे उपवास करतात. सक्ती कुणावर नाही, पण सगळे करतात म्हटल्यावर रुही कशी मागे राहणार? पहिल्यांदा ती कशात तरी सगळ्यांसारखी होणार होती.

संध्याकाळी शशिकांतला आणायला विमानतळावर जायचं होतं. ट्रॅफिकमध्ये गाडीत डोस नको, असा विचार करून सुनेत्राने सकाळीच चमचा तयार केला.

"आज उपवास आहे ना, आई?" रुहीने विचारलं.

"मग? शेंगदाणा उपवासाला चालतो," सुनेत्रा म्हणाली, आणि दोघी खूप हसल्या.

"काही खाल्लंस का पण?"

"हो, ग्रेप्स खाल्ले."

आठ द्राक्षं. मी मोजली होती, माझ्यासमोरूनच गेली ती.

बाकीच्यांचा उपवास म्हणजे काय असतो, तुम्हाला माहीत आहे. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, दाण्याचा लाडू. पोटं तुडुंब भरून सगळे आले होते. त्यातलं एकही रुहीला चालत नाही. सगळ्या पथकात खराखुरा उपवास एकट्या रुहीचा होता.

आणि व्यायाम? फ्रिजवरचा कागद सुनेत्राला तोंडपाठ होता. पळायचं नाही, पोहायचं नाही, जिमला जायचं नाही. पण ढोल वाजवणं म्हणजे व्यायाम, हे तिच्या मनालाही शिवलं नाही. ती तर गणपतीची सेवा! सेवेत कसला आलाय व्यायाम?

डोस घेऊन पाऊण तास झाला नव्हता तेव्हा रुहीने ढोल कमरेला बांधला. ऑगस्टचं ऊन, खाली तापलेलं डांबर. अर्ध्या तासात तिचं रक्त उसळ्या मारत धावायला लागलं. आणि त्या रक्तातून शेंगदाणा आला, एरवी कधी आला नव्हता एवढा.

माझ्या दोन शेजारच्या अँटेना एकाच तुकड्याला चिकटल्या. मग आणखी दोन, मग शेकडो. आमच्यात अशा वेळी विचार करायची सोय नाही. सगळ्या पुड्या एकदम फुटल्या. माझ्या, शेजारणीच्या, गळ्यातल्या, कातडीतल्या, बहुतेक सगळ्यांच्या. त्यातलं औषध म्हणा, विष म्हणा, रक्तवाहिन्यांवर पडलं. भिंती सैल झाल्या, पाणी बाहेर झिरपायला लागलं आणि मी ज्या अस्तरात राहते ते फुगायला लागलं.

मला वाटत होतं, मी शूरपणे लढतेय. शत्रू आत शिरलाय आणि मी रुहीला वाचवतेय.

रुहीने ढोल सोडला आणि कठड्यावर बसली. गिरिजा मावशी धावत आल्या. "उपवासानं चक्कर आली असणार. सावलीत घ्या तिला. लिंबू सरबत आण गं कुणीतरी." तिला घेऊन आलेल्या सुनेत्रानेही मानेवरचे लाल चट्टे बघितले आणि म्हणाली, "घामोळं उठलंय बघ उन्हानं." पंधरा वर्षं डोळ्यांत प्राण आणून जपणारी बाई चुकली, आणि का चुकली तेही सांगते. रुहीने तिथे काहीच खाल्लं नव्हतं. न खाता ॲलर्जी येईल कशी? आणि सकाळी दिलेला डोस तर बारा दिवस तेवढाच चालू होता.

केया ताशा बाजूला ठेवून जवळ आली. "रुही, से समथिंग."

"काय बोलू?" रुही म्हणाली. आवाज घोगरा आणि बारीक आला, फटीतून आल्यासारखा.

केयाचा चेहरा बदलला असणार, कारण तिचा आवाज बदलला. "काकू, हिचं पेन कुठेय?"

"पण तिने इथे काही खाल्लंच नाही गं..."

"काकू, पेन!"

अ‍ॅड्रेनलिनचं पेनाच्या आकाराचं इंजेक्शन, ॲलर्जीचा झटका आला तर द्यायचं, रुहीच्या बॅगेत नेहमी असायचं. सुनेत्राने काढलं, पण घाईत तिला टोपी काढता येईना. केयाने ते घेतलं, टोपी काढली, रुहीच्या मांडीवर लेगिंग्जवरूनच दाबलं आणि मोठ्याने तीनपर्यंत मोजलं. दुसरीकडे गिरिजा मावशी नाइन-वन-वनला पत्ता सांगत होत्या. 

मी आत काय बघत होते? हवेची वाट अर्ध्यापेक्षा कमी राहिली होती. रुही श्वास ओढायची आणि तो माझ्या अंगावरून शिट्टीसारखा घासत जायचा. प्रत्येक वेळी कमी हवा जायची. तेव्हा मला कळलं की बाहेरून कुणीच आलेलं नाही. या मुलीचा गळा मी दाबतेय.

मला थांबायचं होतं आणि थांबता येत नव्हतं. हे सांगताना आजही माझी मला लाज वाटते.

मग मांडीतून निघालेलं अ‍ॅड्रेनलिन येऊन पोचलं. सैल पडलेल्या भिंती आवळल्या, झिरपणं कमी झालं, श्वासाच्या नळ्या उघडल्या. आमच्यातल्या ज्यांच्या पुड्या फुटायच्या राहिल्या होत्या त्यांना त्याने जागच्या जागी आवरलं. चार-पाच मिनिटांनी रुहीने एक मोठा, बिनआवाजी श्वास घेतला. अ‍ॅम्ब्युलन्स आली तेव्हा ती बोलत होती.

हॉस्पिटलमध्ये तिला संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं. दुपारी रुही कंटाळली. "आय एम फाइन. मग घरी का नाही जायचं?"

केया शेजारी बसली होती. ती म्हणाली, "कारण सेकंड वेव्ह येऊ शकते. हे बघ, तुझ्या मास्ट सेल्सनी सिग्नल दिलाय. त्यामुळे रक्तवाहिनीच्या आतल्या भिंतीवर हुक वर येतात. रक्तातून दुसऱ्या सेल्स जात असतात ना, इओसिनोफिल वगैरे, त्या एरवी सरळ निघून जातात. आता त्या हुकला अडकतात, रोल होतात, चिकटतात आणि आत येतात. त्या आल्या की काही तासांनी परत सूज येऊ शकते."

"लाइक वेल्क्रो?"

"एक्झॅक्टली वेल्क्रो. माझी पूर्ण पीएचडी वेल्क्रोवर आहे, यार."

केया खरं बोलत होती. माझी हाक गेली होती आणि भिंतीवर आकडे उभे राहिले होते. वाटेने जाणाऱ्या पेशी एकेक करून घरंगळत, चिकटत होत्या, मी एके काळी चिकटले होते तशाच. एक आत आलीसुद्धा. "कुठे आहे शत्रू?" असं तिने विचारलं. शत्रू नव्हताच. नशिबाने फार जणी आल्या नाहीत आणि दुसरी लाट उठलीच नाही.

सुनेत्रा पलीकडे बसून ऐकत होती. ती म्हणाली, "मग ते चिकटणंच बंद करणारं औषध नाही का गं?"

"त्यावरच काम चालू आहे, काकू. काही आजारांत तशी औषधं आहेतसुद्धा. आम्ही काचेच्या बारीक नळीला आतून हुक लावतो, त्यातून पेशी सोडतो आणि औषध घालून बघतो, चिकटतात की वाहून जातात. काचेवर मस्त रिझल्ट येतात. माणसात, फूड ॲलर्जीसाठी, अजून तसं काही हातात नाही."

"मग वेळ का लावताय?"

"कारण सगळंच चिकटणं बंद केलं तर इन्फेक्शन झाल्यावर मदतीला जाणाऱ्या सेल्सही आत जाऊ शकणार नाहीत. नेमका कुठला हुक झाकायचा आणि किती, ते शोधायचंय."

हे ऐकून मला बरं वाटलं, नाही म्हणणार नाही. आमची जात सरसकट वाईट आहे, असं ती म्हणाली नाही.

घरी आल्यावर सुनेत्राने पावडरीचा डबा कचऱ्यात टाकला. "बस झालं. नको ती ट्रीटमेंट आणि नको ते मिशिगन." शशिकांत काहीतरी म्हणायला गेला, पण तिने त्याला बोलूच दिलं नाही. आश्चर्य म्हणजे रुहीनेही वाद घातला नाही. पुढचे कित्येक दिवस ती फक्त वरणभात आणि दही खात होती, तेही घास तोंडात धरून, गिळू की नको असा विचार करत. घास खाली यायला लागला की तिचा गळा माझ्याभोवती आवळायचा. शेंगदाण्याला भिणारी मुलगी आता भातालाही भ्यायला लागली होती. गणपती आले आणि गेले, पण तिने ढोलाला हात लावला नाही.

महिन्याभराने डॉक्टरांकडे जावंच लागलं. त्यांनी त्या दिवसाची हकिगत बारकाईने विचारली. ढोल म्हणजे नक्की काय, हे त्यांना समजेना, म्हणून रुहीने फोनवर पथकाचा व्हिडिओ दाखवला. डॉक्टर दोन मिनिटं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "पण हा तर कार्डिओ आहे! आणि तोही उपाशीपोटी?"

सुनेत्राला रडू कोसळलं. "फ्रिजवर मीच लिहिलं होतं. माझ्या हाताने चमचा दिला मी तिला."

डॉक्टर म्हणाल्या की पुन्हा सुरू करता येईल, खूप खालच्या डोसपासून. आधी काही महिने एक इंजेक्शन द्यायचं. रक्तात फिरणाऱ्या अँटेना ते आमच्यापर्यंत पोचायच्या आतच पकडतं. निर्णय मात्र तुमचा, असंही त्या म्हणाल्या.

 रुहीने घसा खाकरला, मला चांगलाच हादरा बसला, आणि ती म्हणाली, "आई, आय वाँट टु ट्राय अगेन. मला आयुष्यभर तुझ्या डब्यातलं नाही खायचंय. तुझा डबा छान असतो, पण नाही खायचंय."

सुनेत्राने चार दिवसांनी होकार दिला. फ्रिजवर नवा कागद लागला. त्यावर दुसऱ्या ओळीत ठळक लिहिलं होतं, "व्यायाम नाही. ढोल हा व्यायाम आहे."

इंजेक्शन सुरू झालं आणि माझ्या अंगावरच्या जुन्या अँटेना झडल्या, त्यांच्या जागी नव्या आल्याच नाहीत. आधी मी गोंधळले. सारखा कानोसा घेत बसलेल्या माणसाला अचानक कमी ऐकू यायला लागलं तर कसं वाटेल? पण थोड्या दिवसांत बरं वाटायला लागलं. उगाचच दचकणं गेलं. चमचा पुन्हा यायला लागला, कणाकणाने. पोटात वरणभात, अंगात शांतता. ढोल वाजवायचा तो डोसच्या आधी कितीतरी तास.

मे महिन्यात परीक्षा झाली, माझी आणि रुहीचीही. डॉक्टरांच्या खोलीत, नर्ससमोर, रुहीने थोड्याथोड्या वेळाने शेंगदाणे खाल्ले. शेवटी सगळे मिळून आठ. सुनेत्राला आत बसवेना, ती बाहेर येरझाऱ्या घालत होती. मला ते येताना कळले. माझ्या उरल्यासुरल्या अँटेना थरारल्या. पुड्या पुन्हा भरलेल्या होत्या, सवय जुनी होती. मी धाग्यांना घट्ट धरून बसून राहिले.

दोन तास गेले. "निघा आता," नर्स म्हणाली. रुही बाहेर जाऊन एवढंच म्हणाली, "आई, एट पीनट्स." दोघी तिथेच कॉरिडॉरमध्ये मिठी मारून रडल्या.

आज रुही मिशिगनमध्ये आहे. कँटीनमध्ये सगळ्यांबरोबर जेवते, पेन बॅगेत असतंच. इंजेक्शन आता बंद झालंय, पण रोज जेवणानंतर चमचाभर पावडर घ्यावी लागते. पहिले काही आठवडे सुनेत्रा व्हिडिओ कॉलवर तो चमचा बघायची. मग रुही नुसता रिकाम्या चमच्याचा फोटो पाठवायला लागली. आता तेही थांबलंय. विचारायचं नाही, असं सुनेत्राने ठरवलंय, आणि न विचारणं तिला किती जड जातं ते मला इथे बसून समजतं.

माझं वय झालंय. आमच्या मानाने मी खूप जगले. गेल्या आठवड्यात रक्तातून एक कोवळी पोर घरंगळत आली, भिंतीला चिकटली, फटीतून आत शिरली आणि माझ्या शेजारी तिने घर केलं. मी गेले की इथला पहारा तिचाच. इंजेक्शन बंद झाल्यापासून रक्तात पुन्हा अँटेना फिरायला लागल्यात आणि तिच्या कोऱ्या अंगावर त्या भराभर बसतायत. मी पाहिलेला पार्किंग लॉट तिने पाहिलेला नाही. मला जे कळलं ते तिला वारशात मिळत नाही. तिला शिकवतो तो फक्त रोजचा चमचा.

आणि रुही दोन दिवस चमचा विसरली. परीक्षा, प्रोजेक्ट, मैत्रिणी, काय असेल ते असेल. पहिल्या दिवशी मी दुर्लक्ष केलं. दुसऱ्या दिवशी शेजारीण अस्वस्थ झाली. "कसलातरी वास येतो मधूनमधून. कँटीनमधून येत असेल. पुढच्या वेळी आला तर हल्ला करू?" मी तिला "थांब" म्हटलं, पण पेशीने पेशीला थांब म्हणून कधी कुणी थांबलंय का? त्या दिवशी मलाच कुठे थांबता आलं होतं? एवढ्या वर्षांत मला पहिल्यांदा भीती वाटली, आणि ती शेंगदाण्याची नव्हती.

काल संध्याकाळी जेवून आल्यावर रुहीने कपाट उघडलं आणि एकदम "ओ नो" म्हणाली. क्लिनिकला फोन करून तिने विचारलं, दोन दिवस चुकलेत, आता काय करू? तिकडून सांगितलं, आज पोट भरलेलं आहे ना, मग नेहमीचाच घे, आणि दोन तास खोलीत बसून राहा. खोलीत ती एकटीच होती. चमचा तोंडाशी नेला, मग हळूच म्हणाली, "सॉरी. फर्गॉट."

पावडर खाली उतरली. शेजारणीच्या अँटेना हलल्या, तिने पोटातल्या पुड्या घट्ट धरल्या आणि माझ्याकडे पाहिलं. मी हललेही नाही. मग तीही हलली नाही.

थोड्या वेळाने तिने विचारलं, "ही सॉरी कुणाला म्हणाली?"

"आपल्याला," मी म्हटलं. "आता गप्प बस आणि पोरीला रोज सुखाने जेवू दे."